दुवे जपण्याची परंपरा

मराठीत ‘दुवा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. साखळीची एक कडी दुसरीशी जोडतो तो दुवा, आणि थोरामोठ्यांनी प्रसन्न होऊन दिलेला आशीर्वाद तोही दुवाच. संगणकाच्या व्यवहारात ‘लिंक’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीने यांपैकी पहिला अर्थ उचलला, आणि तो चपखल बसला. आज आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक घरांत असे दुवे दररोज येत असतात. कधी पोप महोदयांच्या भाषणाचा, कधी नोव्हेनाच्या प्रवचनाचा, कधी परदेशी राहणाऱ्या पुतण्याने धाडलेल्या एखाद्या लेखाचा, तर कधी आपल्या बोलीतील जुन्या लग्नगीताच्या ध्वनिमुद्रणाचा. ते येतात, ‘सवडीने पाहू’ म्हणून बाजूला ठेवले जातात, आणि हवे असतात त्या दिवशी नेमके सापडत नाहीत.

हा प्रश्न नव्या यंत्राने आणलेला आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो सोळा-सतराशे वर्षांचा आहे. वाचलेले पुन्हा सापडावे म्हणून कोणती खूण करावी, त्या खुणा कोठे ठेवाव्यात, त्यांची मांडणी कशी करावी, या प्रश्नांनी अनेक बिशप, मठवासी आणि धर्मगुरू यांची झोप उडवली होती. त्यांनी शोधलेल्या उत्तरांवरच आजची यंत्रे चालली आहेत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. प्रस्तुत लेखात या इतिहासातील काही टप्पे पाहण्याचा आमचा विचार आहे.

*

प्रारंभ करावा लागतो तो सिझेरियाचे बिशप युसेबियस यांच्यापासून. ख्रिस्तसभेचा पहिला मोठा इतिहासकार म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. परंतु त्यांनी केलेले दुसरे एक काम इतिहासलेखनाइतकेच मोलाचे आहे. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात शुभवर्तमानांच्या हस्तलिखितांत आजच्यासारखे अध्याय नव्हते, ओव्यांचे आकडे नव्हते, दोन शब्दांमध्ये मोकळी जागासुद्धा नसे. पाच हजारांना भोजन दिल्याचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे. मत्तयाचे वाचताना तोच प्रसंग योहानाने कसा सांगितला आहे हे पाहायचे असेल, तर योहानाचे पुस्तक पहिल्यापासून चाळत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

युसेबियस यांच्यापूर्वी अलेक्झांड्रियाच्या अमोनियस नावाच्या विद्वानाने यावर एक उपाय केला होता. त्याने मत्तयाचा मजकूर आधारभूत धरला आणि इतर तिघांच्या मजकुरातील समान भाग कापून त्याच्या शेजारी लावले. सोय झाली, पण मार्क, लूक आणि योहान यांचे तुकडे झाले. त्यांचा ओघ गेला. कार्पियानस नावाच्या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात युसेबियस यांनी हीच अडचण नमूद केली आहे. त्यांनी स्वतः मूळ मजकुराला हात लावला नाही. प्रत्येक शुभवर्तमानाचे लहानमोठे भाग पाडून समासात केवळ अनुक्रमांक घातले. एकट्या मत्तयाचे असे ३५५ भाग झाले. प्रत्येक अनुक्रमांकाखाली तांबड्या शाईने आणखी एक आकडा लिहिला, एक ते दहा यांपैकी. तो आकडा पुस्तकाच्या आरंभी जोडलेल्या दहा कोष्टकांपैकी कोणते पाहावे हे सांगतो. पहिल्या कोष्टकात चौघांतही आढळणारे प्रसंग, त्यापुढील कोष्टकांत तिघांत किंवा दोघांत आढळणारे, आणि दहाव्यात ज्याचे त्याचे स्वतंत्र. वाचकाने समासातील आकडा पाहावा, कोष्टकात त्याची ओळ शोधावी, त्याच ओळीवरून इतर तिघांचे आकडे घ्यावेत आणि त्या त्या पानावर जावे. बोटाने केलेली ही सफर आणि आज पडद्यावर बोट टेकवून केलेली सफर यांत तत्त्वतः काय अंतर आहे?

संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस शुभवर्तमानांचे लॅटिन भाषांतर सुधारले, तेव्हा ही कोष्टके त्यांनी लॅटिनमध्ये आणली. पुढे चित्रकारांनी त्यांच्याभोवती खांब आणि कमानी काढल्या, वर मोर आणि पाखरे बसवली. सन ५८६ च्या सिरियाक भाषेतील राबूला शुभवर्तमानात किंवा आयर्लंडच्या सुप्रसिद्ध केल्सच्या पोथीत ती पाहिली, तर ही आकड्यांची यादी आहे यावर विश्वास बसत नाही. सेमिनरीत ग्रीक नवा करार हाताळलेल्यांना आठवत असेल की, त्याच्या चिकित्सक आवृत्तीच्या आतील समासात बारीक आकडे असतात. ते युसेबियस यांचेच. आम्हां विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी त्यांकडे कधी ढुंकूनही पाहिले नाही, हा भाग वेगळा.

मूळ मजकूर अखंड ठेवायचा आणि त्याकडे नेणाऱ्या खुणा वेगळ्या ठेवायच्या, ही युसेबियस यांची मूळ सूझ. ती पुढे विसरली गेली नाही.

*

दुसरा मोठा टप्पा तेराव्या शतकातील पॅरिसचा. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने लोकांना प्रवचने देण्यासाठी योग्य माणसे नेमण्याची सूचना बिशपांना केली. १२१६ मध्ये संत डॉमिनिक यांच्या प्रवचनकार संघाला मान्यता मिळाली. गावोगाव फिरणाऱ्या प्रवचनकाराला मठवाशासारखे आयुष्यभर एकाच ग्रंथाचे मनन करीत बसणे परवडणारे नव्हते. त्याला उद्याच्या प्रवचनासाठी आज रात्री आधार हवा असे. (हे दुःख आम्हांला चांगले ठाऊक आहे, आणि शनिवारी रात्री ते विशेष जाणवते.) याच सुमारास पॅरिसमधील अध्यापक स्टीफन लँग्टन, जे पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले, त्यांच्या अध्यायविभागणीने बायबलला सर्वत्र सारखा असा पत्ता मिळवून दिला होता. प्रत्येक ओवीला क्रमांक देण्याची आजची पद्धत मात्र बरीच नंतरची. नव्या कराराला ती १५५१ मध्ये रोबेर एतिएन या मुद्रकाने लावली.

पॅरिसच्या सें-झाक मठात ह्यू ऑफ सें-शेर या डॉमिनिकन धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली, १२३० च्या दशकात, बायबलमधील शब्दांची पहिली सूची सिद्ध झाली. शब्द अकारविल्हे लावायचे आणि तो शब्द बायबलमध्ये जेथे जेथे येतो ती सारी ठिकाणे त्याच्यापुढे लिहायची. ओव्यांचे आकडे नसल्यामुळे त्यांनी प्रत्येक अध्यायाचे मनानेच सात भाग कल्पिले आणि त्यांना लॅटिन वर्णमालेतील पहिली सात अक्षरे दिली. अध्यायाच्या आरंभी असेल तर पहिले अक्षर, शेवटाकडे असेल तर सातवे. या कामावर पाचशे मठवासी बसले होते अशी आख्यायिका आहे. पाचशे हा आकडा आख्यायिकेला शोभणाराच आहे. पण एकट्यादुकट्याचे हे काम नव्हते, हे निश्चित.

आज अकारविल्ह्यात आपल्याला काहीच नवल वाटत नाही. त्या काळच्या विद्वानांना ते खटकत असे. ज्ञानाची मांडणी सृष्टीच्या क्रमानेच व्हायला हवी, प्रथम परमेश्वर, मग देवदूत, मग मनुष्य, अशी त्यांची धारणा होती. अक्षरांचा क्रम लावला की लॅटिनमध्ये ‘आंजेलुस’ म्हणजे देवदूत आधी येतो आणि ‘देउस’ म्हणजे परमेश्वर मागे पडतो! प्रवचनकारांनी ही गैरसोय पत्करली, कारण अक्षरांचा क्रम सर्वांना सारखाच ठाऊक असतो. सृष्टीचा क्रम ज्याचा त्याला वेगळा दिसतो. आपल्या संगणकातील नोंदींचे कप्पे करताना आजही हाच पेच पडतो. लेखाला कोणत्या कप्प्यात घालायचे हे आज आपण एका मनाने ठरवतो आणि वर्षानंतर दुसऱ्याच मनाने तो शोधतो.

ह्यू यांच्या सूचीत फक्त ठिकाणे होती, मजकूर नव्हता. एखाद्या शब्दापुढे शंभर ठिकाणे असली, तर हवे ते कोणते हे कळायला शंभर पाने उलटावी लागत. म्हणून काही वर्षांनी त्याच मठात दुसरी सूची झाली. तिच्यात प्रत्येक ठिकाणाबरोबर सबंध वाक्य दिले. ती इतकी अवजड झाली की वापरणे कठीण. अखेर तिसऱ्या सूचीत प्रत्येक ठिकाणाबरोबर मोजके चार-सहा शब्द तेवढे ठेवले गेले, आणि तीच शतकानुशतके टिकली. पत्ता एकटा पुरत नाही, संपूर्ण मजकूर पेलत नाही. पत्ता आणि चार शब्द, हे प्रमाण त्या मठवाशांना दोनदा अडखळून सापडले. आम्हांला वाटते, दुवे जपणाऱ्या प्रत्येकाने या तिसऱ्या सूचीचे स्मरण ठेवावे.

त्याच काळात इंग्लंडमधील लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी निराळा मार्ग काढला होता. त्यांनी धर्मशास्त्रातील चारशेहून अधिक विषयांना एकेक चिन्ह ठरवून दिले. ठिपके, रेघा, त्रिकोण, वर्तुळे, क्रूस, ग्रीक अक्षरे, जे सुचेल ते. वाचताना त्या विषयाचा उल्लेख आला की समासात ते चिन्ह काढायचे. एका परिच्छेदात तीन विषय असले, तर समासात तीन चिन्हे. या चिन्हांची सूची फ्रान्समधील लीओन शहरातील ग्रंथालयात आजही जतन केलेली आहे. वस्तू एकाच कप्प्यात असू शकते, परंतु चिन्हे एकीला अनेक लागू शकतात. संगणकाच्या भाषेत ज्याला आज ‘टॅग’ म्हणतात ते हेच. या पद्धतीत उणीव एवढीच, की किल्ली हाताशी नसलेल्याला ती चिन्हे म्हणजे केवळ नक्षी.

आणि १३०६ मध्ये पॅरिसमध्येच आयर्लंडच्या थॉमस नावाच्या विद्वानाने पवित्र पितरांच्या ग्रंथांतून वेचलेली सुमारे सहा हजार वचने २६६ विषयांखाली, अकारविल्हे, मांडली. त्या संग्रहाचे नाव ‘मानिपुलुस फ्लोरुम’, म्हणजे फुलांची ओंजळ. प्रस्तावनेत त्याने स्वतःची तुलना रूथशी केली आहे. बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचणारी रूथ ती. ग्रंथाच्या अखेरीस ज्या ज्या पुस्तकांतून वचने घेतली त्यांची त्याने यादी दिली, आणि यादीत प्रत्येक पुस्तकाचे आरंभीचे आणि शेवटचे शब्द लिहून ठेवले. कारण साधे होते. हस्तलिखितांना मुखपृष्ठ नसे. एकच ग्रंथ एका मठात एका नावाने, तर दुसऱ्या मठात दुसऱ्या नावाने ओळखला जाई. नाव बदलले, फळी बदलली, तरी पहिले वाक्य बदलत नाही. या लहानशा युक्तीकडे पुन्हा येऊ.

*

मुद्रणकलेनंतर पुस्तकांचा पूर आला. झुरिकच्या कोनराड गेस्नर यांनी १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तीन भाषांतील साऱ्या ज्ञात लेखकांची सूची प्रसिद्ध केली. सूची करण्याची आपली रीतही त्यांनी सांगून ठेवली आहे. कागदाच्या एकाच बाजूला टिपणे लिहावीत, कात्रीने त्यांच्या चिठ्ठ्या कराव्यात, मग हव्या त्या क्रमाने लावाव्यात. छापील पुस्तकच कापायचे असेल, तर त्याच्या दोन प्रती घ्याव्या लागतील, कारण पानाच्या पाठीमागेही मजकूर असतो! गेस्नर प्रोटेस्टंट होते, आणि त्यांचे नाव १५५९ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले. ज्या सूचीकाराच्या श्रमांचा लाभ कॅथलिक ग्रंथपालांनीही घेतला, त्यालाच यादीत बसवले गेले, याची नोंद करताना आम्हांला संकोच वाटतो. पण नोंद तर करायलाच हवी.

चिठ्ठ्या वाऱ्याने उडतात, म्हणून येशूसंघीय धर्मगुरू जेरेमियास ड्रेक्सेल यांचा वह्यांवर भर होता. म्यूनिकच्या दरबाराचे ते प्रवचनकार. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संवादरूप पुस्तकाचे नाव ‘आउरिफोदिना’, सोन्याची खाण. वाचन कितीही झाले, टिपण केले नाही तर खाणीत उतरून रिकाम्या हाताने वर येण्यासारखे, असा त्यांचा आग्रह. त्यांनी तीन प्रकारच्या वह्या सुचवल्या. एकीत केवळ विषय आणि ठिकाण, दुसरीत लांबलचक उतारे, तिसरीत इतिहासातील दृष्टांत. पहिली वही म्हणजे दुवा, दुसरी म्हणजे प्रत. हा फरक ड्रेक्सेल यांना कळला होता. आम्हांला वाटते, आपल्या पिढीला तो अद्याप पुरता कळलेला नाही.

*

येथे थोडे वळण घेऊन आपल्याच धर्मग्रामाच्या कार्यालयात डोकावू. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने विवाहांची नोंदवही ठेवणे प्रत्येक धर्मगुरूवर बंधनकारक केले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्यांचे नमुनेच घालून दिले. पण ज्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे ती स्नानसंस्काराच्या वहीचा समास. १९०७ च्या ‘ने तेमेरे’ या आदेशापासून असा नियम आहे की, कोणाचाही विवाह कोठेही झाला, तरी त्याची वार्ता त्याच्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाला कळवायची आणि तेथील धर्मगुरूंनी मूळ नोंदीच्या समासात ती लिहायची. आजच्या धर्मविधानाच्या ५३५ व्या कलमात दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा आणि संन्यस्त जीवनाची अखेरची शपथ अशा नोंदी त्या समासात करण्याची आज्ञा आहे.

वसईच्या मुलीचे लग्न टोरांटोला झाले, तर टोरांटोच्या वहीत तिच्या स्नानसंस्काराचे ठिकाण असते आणि वसईच्या वहीत तिच्या विवाहाचे. दुवा दोन्ही टोकांना बांधलेला असतो. एका वहीला वाळवी लागली, तरी दुसरीवरून पहिलीतील बरेच काही पुन्हा उभे करता येते. विवाहापूर्वी स्नानसंस्काराचा ‘नवा’ दाखला आणा म्हणून आम्ही सांगतो, तेव्हा ‘जुना आहे की, फादर’ म्हणून जी कुरकुर ऐकू येते, तिचे उत्तर या समासात आहे. जुन्या दाखल्यावर समासातील पुढची नोंद नसते.

*

विसाव्या शतकात ह्यू यांच्या मठातील काम पुन्हा एका धर्मगुरूंनी हाती घेतले. फादर रोबेर्तो बूसा हे १९१३ मध्ये व्हिचेन्झा येथे जन्मलेले येशूसंघीय. संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातील ‘सान्निध्य’ या कल्पनेवर त्यांचा प्रबंध होता. शोध घेता घेता त्यांच्या लक्षात आले की मर्म मोठ्या शब्दांत नाही, ‘इन’ या क्षुल्लक शब्दात आहे. मराठीतील ‘आत’ किंवा ‘-मध्ये’. मग त्यांनी तो शब्द आलेल्या वाक्यांची सुमारे दहा हजार पत्रे हाताने लिहून काढली. हे एका शब्दाचे. संत थॉमस यांच्या साऱ्या शब्दांचे असे करायचे, तर एक कोटीहून अधिक शब्द!

१९४९ मध्ये ते न्यूयॉर्कला आय. बी. एम. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. यंत्राने हे काम व्हायचे नाही, असा अहवाल वॉटसन यांच्या हाती आधीच आला होता. फादर बूसांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी, की त्यांनी कंपनीचेच एक भित्तिपत्रक पुढे केले. कठीण काम आम्ही ताबडतोब करतो, अशक्य कामाला जरा वेळ लागतो, अशा आशयाचे. वॉटसन हसले आणि कबूल झाले. अट एकच, कंपनीच्या नावातील मधल्या अक्षराचा अर्थ उद्या ‘बूसा’ असा होता कामा नये. इटलीतील गॅलाराते येथे काम सुरू झाले. शब्दन् शब्द छिद्रे पाडलेल्या पत्रांवर उतरवला गेला. ही छिद्रे पाडणाऱ्या बहुतांशी तरुण मुली होत्या, आणि अनेक वर्षे त्यांचा उल्लेखही कोणी करीत नसे. ५६ खंडांची ‘इंडेक्स थॉमिस्टिकुस’ १९७४ ते १९८० या काळात छापून झाली. मग ती तबकडीवर आली आणि २००५ मध्ये इंटरनेटवर. फादर बूसा २०११ मध्ये निवर्तले. पत्रे वाचणारी ती यंत्रे आता वस्तुसंग्रहालयांत आहेत. छापील खंड अजून कोणालाही उघडता येतात.

*

आता इंटरनेटकडे येऊ. हा इतिहास जवळचा असल्यामुळे थोडक्यात सांगतो. १९४५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅनेव्हर बुश यांनी एका लेखात अशा मेजाची कल्पना मांडली की ज्यात माणसाचे सारे ग्रंथ सूक्ष्मचित्रांच्या रूपात राहतील आणि वाचक एका पानापासून दुसऱ्या पानाकडे स्वतःची पायवाट पाडत जाईल. १९६५ मध्ये टेड नेल्सन यांनी ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द योजला. त्यांच्या कल्पनेतील दुवा दोन्ही टोकांना बांधलेला होता, आपल्या स्नानसंस्काराच्या वहीसारखा. त्यांची योजना त्या रूपात सर्वत्र कधीच रुजली नाही. १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ‘वेब’चा प्रस्ताव मांडला, त्यात दुवा एकाच बाजूने बांधलेला होता. मी कोणाच्याही पानाकडे बोट दाखवावे. त्याला विचारण्याचे कारण नाही, त्याला ते कळणारही नाही. या सवलतीमुळेच वेब काही वर्षांत जगभर पसरले. आणि याच सवलतीमुळे, तो गृहस्थ घर बदलून गेला, तरी आमचे बोट जुन्या दाराकडेच राहते.

१९९३ च्या ‘मोझेक’ या न्याहाळकात आवडत्या पानांची यादी ठेवण्याची सोय होती. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘नेटस्केप’ने या खुणांसाठी ‘बुकमार्क’ हा शब्द रूढ केला. वाचनखूण! ब्रेव्हियरीतील रेशमी फीत ती वाचनखूण, आणि आपल्या आईआजींच्या प्रार्थनापुस्तकात मृत आप्तांच्या स्मरणपत्रिका असतात त्याही वाचनखुणाच. फरक हा की पुस्तकातील खूण पुस्तकाच्या आतच असते. संगणकातील खूण आपल्यापाशी राहते आणि पुस्तक मात्र दुसऱ्याच्या घरी.

१९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी आपल्या वाचनखुणा विषयवार लावून सर्वांसाठी खुल्या केल्या. तीच पुढे ‘याहू’ची निर्देशिका झाली, २०१४ च्या अखेरीस ती बंद पडली. स्वयंसेवकांनी १९९८ पासून चालवलेली ‘डीमॉझ’ ही निर्देशिका मार्च २०१७ मध्ये थांबली. २००३ मध्ये जोशुआ शॅक्टर यांनी ‘डिलिशस’ ही सेवा सुरू केली. वाचनखुणा तेथे ठेवायच्या, प्रत्येकीला हवी तितकी नावे द्यायची, आणि इतरांनी तेच नाव कशाकशाला दिले आहे तेही पाहायचे. ग्रोसटेस्ट यांची चिन्हे, पण किल्ली सर्वांच्या हाती! ती २००५ मध्ये याहूने घेतली, २०११ मध्ये विकली, आणि २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ या प्रतिस्पर्धी सेवेने विकत घेऊन तिच्यात नवी भर घालणे बंद केले. ‘नंतर वाचू’ म्हणून लेख ठेवण्याची ‘पॉकेट’ ही सेवा जुलै २०२५ मध्ये बंद झाली. आपल्या तरुणांनी एकेकाळी जेथे फोटो आणि मनोगते भरभरून लिहिली ते ‘ऑर्कुट’ सप्टेंबर २०१४ मध्येच गेले होते. वह्या ठेवायला दिल्या आणि ठेवणाऱ्याने दुकानच बंद केले, अशी ही सारी मालिका आहे.

दुव्यांची स्थिती याहून वेगळी नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. एका दशकात पाचांतली जवळजवळ दोन गेली. चर्मपत्रावरील पोथ्यांना वाळवी आणि आग यांचे भय होते, पण त्यांचा नाश इतका त्वरेने क्वचितच झाला.

*

आपल्या समाजाला हे नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांतून. उपवासकाळात तो गाणाऱ्या कुटुंबांनी आणि धर्मगुरूंनी नकला करून ठेवल्या म्हणून. जोसेफ सालढाणा यांनी अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती काढली. देवनागरीतील हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात असल्याचे १९२५ च्या सुमारास जस्टिन अॅबट यांनी उजेडात आणले. ‘क्रिस्तपुराण राचोलला छापले आहे’ एवढा पत्ताच जर आपल्या पूर्वजांनी जपला असता, तर आज आपल्यापाशी पत्ता तेवढा उरला असता.

आमच्या मनात हा विषय घोळू लागला त्याला एक कारण घडले. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक कुटुंबांनी आपल्या माणसाचा अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. दफनभूमीत मोजक्याच माणसांना प्रवेश होता. बाकीच्यांसाठी तो दुवा होता. काही वर्षांनी एका घरची मंडळी आमच्याकडे आली. आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेपूर्वी नातवंडांना तो विधी दाखवायचा होता. दुवा त्यांनी अगदी जपून ठेवला होता, आजीच्या प्रार्थनापुस्तकात कागदावर लिहूनसुद्धा. उघडल्यावर ‘ही चित्रफीत उपलब्ध नाही’ एवढीच ओळ आली. ज्यांनी प्रक्षेपण केले होते, त्यांचे खाते बंद झाले होते. कोणी दुष्टपणा केला नव्हता. चित्रफितीची प्रत कोणीच उतरवून घेतली नव्हती, इतकेच.

उपाय नाही असे नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापिलेले ‘इंटरनेट आर्काइव्ह’ वेबवरील पानांच्या प्रती करून ठेवते. २००१ पासून त्या सर्वांना विनामूल्य पाहता येतात, आणि आपल्याला हवे ते पान तेथे जतन करण्याची विनंतीही करता येते. त्यांचे कार्यालय एका जुन्या प्रार्थनामंदिरात आहे, ही गोष्ट आम्हांला उगीचच आवडते. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्लेखोरांनी त्यांचीही यंत्रणा काही दिवस बंद पाडली होती. सारी भिस्त एकाच कोठारावर ठेवू नये. संगणकातील वाचनखुणा अधूनमधून एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. ती फाइल कोणत्याही न्याहाळकातून काढली, तरी तिच्या पहिल्या ओळीत अजूनही ‘नेटस्केप’चे नाव असते. तो न्याहाळक २००८ मध्ये कायमचा बंद झाला, त्याने घालून दिलेली लिहिण्याची रीत मात्र उरली, कारण ती साधी होती आणि सर्वांना वाचता येत होती.

आणि ज्यांना यंत्राची इतकी ओळख नाही, त्यांनी आयर्लंडच्या थॉमसची युक्ती वापरावी. एखादा लेख जपण्याजोगा वाटला, तर त्याच्या पत्त्याबरोबर लेखकाचे नाव, वाचल्याची तारीख आणि लेखाचे पहिले वाक्य, जसेच्या तसे, वहीत उतरून ठेवावे. पत्ता मेला तरी ते वाक्य शोधयंत्रात घातले की लेख दुसऱ्या कोठल्या ठिकाणी हलवला असेल, तेथे बहुधा सापडतो. आमच्या धर्मग्रामात धर्मशिक्षणाच्या शिक्षिकांनी गेल्या आगमनकाळापासून अशी वही ठेवली आहे. आजवर तिच्यात एकशे चाळीस नोंदी झाल्या आहेत. त्यांतील अकरा दुवे मृत झाले. सात लेख पहिल्या वाक्यावरून पुन्हा मिळाले, आणि उरलेल्या चारांपैकी दोन कोणीतरी वेळीच छापून घेतले होते. ते कागद त्याच वहीत डिंकाने चिकटवले आहेत.